जुन्या गाडीच्या काळ्या पट्ट्या आणि क्रोमवर रबरी स्प्रे: पहिल्यांदा करणाऱ्यांसाठी

पत्रा ठणठणीत असतो, इंजिन कुरकुरत नाही, तरी गाडी म्हातारी दिसते. बहुतेक वेळा दोष रंगाचा नसतो. बंपरवरच्या करड्या पडलेल्या पट्ट्या, डाग धरलेलं क्रोम, ओरखडे उठलेली आरशांची कव्हरं, पांढुरकी झालेली ग्रिल, एवढ्यानेच गाडीची रया जाते. अख्खी गाडी रंगवायला न देता फक्त हे भाग घरच्या घरी सुधारायचे असतील, तर फवारून मारायचं रबरी कोटिंग हा चांगला मार्ग आहे. प्लास्टी डिप हे त्यातलं सगळ्यात ओळखीचं नाव. इतरही कंपन्यांचे स्प्रे मिळतात आणि पद्धत जवळपास तीच असते. सुकण्याच्या वेळा मात्र आपल्या डब्यावर छापलेल्याच पाळा.

एक गोष्ट आधीच डोक्यात पक्की करा, म्हणजे पुढचं सगळं आपोआप समजेल. हे कोटिंग रंगासारखं पृष्ठभागाला कायमचं चिकटत नाही. सुकल्यावर त्याची लवचिक रबरी साल तयार होते आणि ती वस्तूला धरून बसते. नको झालं की संत्र्याच्या सालीसारखी ती सोलून काढायची. म्हणूनच ही साल पुरेशी जाड हवी, कुठेही तुटक नको आणि तिच्या कडा नीट बसलेल्या हव्यात. नवशिक्यांचे जवळजवळ सगळे घोटाळे या तीनपैकी एका जागी होतात.

कुठे मारावं, कुठे मारू नये

गुळगुळीत आणि कडक भाग सगळ्यात सोपे. क्रोमच्या पट्ट्या, ग्रिल, आरशांची कव्हरं, व्हील कॅप, अलॉय व्हील, कंपनीचा लोगो, मॉडेलच्या नावाची अक्षरं. सुरुवात आरशाच्या कव्हरापासून करा. आकार लहान असतो, बऱ्याच गाड्यांत ते सुटं निघतं आणि बिघडलं तर सोलून पुन्हा मारायला फार वेळ जात नाही.

बंपरचं आणि दारांच्या खालचं खरखरीत काळं प्लास्टिक हे वेगळं प्रकरण. ते बहुधा पॉलिप्रोपिलीनच्या जातीचं असतं. उन्हातले अतिनील किरण त्याचा वरचा पापुद्रा मोडतात, बारीक भेगा पडतात, त्यांतून प्रकाश विखुरतो आणि काळं प्लास्टिक करडं दिसायला लागतं. त्यावर रबरी कोटिंग बसतं आणि दिसतंही छान, पण पृष्ठभागाच्या दाण्यांत ते घुसत असल्याने पुढे एकसंध निघत नाही, तुकड्यातुकड्याने खरवडावं लागतं. अशा प्लास्टिकवर मारायचं असेल तर ते सहज काढता येईल हा हिशेब सोडूनच मारा. नुसता काळेपणा परत आणायचा असेल, तर ट्रिमसाठी, म्हणजे अशा प्लास्टिकच्या पट्ट्यांसाठी, मिळणारं डाय पद्धतीचं (प्लास्टिकला पुन्हा काळा रंग धरवणारं) रिस्टोरर माझ्या मते जास्त शहाणपणाचं. रबरी स्प्रे तिथे घ्या जिथे रंग बदलायचा आहे, किंवा ओरखडे आणि डाग झाकायचे आहेत.

काही जागा सरळ वर्ज्य. दिवे, नंबर प्लेट, पार्किंग सेन्सर, कॅमेरा, वायपरचं रबर. नव्या धाटणीच्या गाड्यांत पुढच्या लोगोच्या मागे रडार असू शकतो, तेव्हा मॅन्युअल पाहिल्याशिवाय त्या लोगोला हात लावू नका. काचेभोवतीची मऊ रबरी सीलं सारखी दबतात, वाकतात, त्यावर कोटिंग टिकत नाही. इंधन भरायच्या झाकणाभोवतीही नको, कारण पेट्रोलने हे कोटिंग विरघळतं. भरताना सांडलेले चार थेंबही तिथला भाग चिकट करून टाकतात.

क्रोमबद्दल आणखी एक. प्लास्टिकवरच्या क्रोमचे पोपडे निघत असतील, तर सैल झालेले पोपडे आधी काढून टाका आणि कड बारीक सँडपेपरने घासून सपाट करा. नाहीतर पुढे कोटिंग सोलताना उरलेलं क्रोमही त्याच्याबरोबर निघून येईल. ताज्या रंगवलेल्या पत्र्यावर, किंवा ज्या जुन्या रंगावर वरचा क्लिअर कोट (पारदर्शक संरक्षक थर) नाही त्यावर, कोटिंगमधले सॉल्व्हंट (रबर विरघळवून ठेवणारे द्रव) रंगाला इजा करू शकतात. पट्टीच्या शेजारचा पत्रा असा असेल तर तो नीट झाका आणि दिसणार नाही अशा जागी आधी ठिपकाभर मारून पाहा.

सामान

रबरी कोटिंगचे डबे, डब्याच्या तोंडावर बसणारं पिस्तुलासारखं हँडल, चांगल्या प्रतीची मास्किंग टेप (रंगकामाची, पॅकिंगची नव्हे), जुनी वर्तमानपत्रं किंवा प्लास्टिकची चादर, भांड्यांचा लिक्विड साबण, मऊ ब्रश, न वापरलेला टूथब्रश, दोन-तीन मायक्रोफायबर कापड, आयसोप्रोपिल अल्कोहोल, नायट्राइलचे हातमोजे, गॉगल आणि ऑरगॅनिक व्हेपर कार्ट्रिजचा (सॉल्व्हंटची वाफ अडवणारा) मास्क. डबे किती, याचा ढोबळ अंदाज असा की मध्यम आकाराच्या एका अलॉय व्हीलला साधारण एक डबा लागतो. लहान पट्ट्यांना आणि आरशांना त्यापेक्षा कमी. तरीही एक डबा जास्तीचा हाताशी ठेवा. चौथ्या हाताला (फवाऱ्याचा एक थर म्हणजे एक हात) डबा संपला आणि नवा आणेपर्यंत दोन दिवस गेले, तर मधल्या काळात बसलेली धूळ कोटिंगखाली कायमची अडकते.

हँडलला खर्चिक चोचला समजू नका. बोटाने बटण दाबत राहिलं की दुसऱ्या-तिसऱ्या हातापर्यंत बोट दुखतं, दाब कमीजास्त होतो आणि नेमके तिथेच शिंतोडे उडतात.

मास्कच्या बाबतीत तडजोड नको. या डब्यांत टोल्युइन, झायलीन यांच्या जातीचे सॉल्व्हंट आणि ज्वलनशील वायू असतात. धुळीसाठीचा कापडी किंवा कागदी मास्क वाफ अजिबात अडवत नाही. काम मोकळ्या हवेत किंवा दोन्ही बाजू उघड्या असलेल्या शेडमध्ये करा. ही वाफ हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत पसरते, म्हणून जवळपास गॅसची शेगडी, पायलट ज्योतीचा गीझर, वेल्डिंग, सिगारेट यातलं काहीही नको.

धुणं: कंटाळवाणं, पण निम्मं काम इथेच

आधी नेहमीसारखी गाडी धुवा. मग ज्या भागावर मारायचं आहे तो भांड्यांच्या साबणाने वेगळा घासा. गाडीचा शॅम्पू इथे उपयोगाचा नाही, कारण त्यांतल्या अनेकांत वॅक्स असतं आणि आपल्याला तेच घालवायचं आहे. पट्टी आणि पत्रा यांच्यातल्या फटीत टूथब्रश फिरवा. तिथे पॉलिशचा जुना पांढरा थर, माती आणि तेलकटपणा यांचं एक घट्ट मिश्रण बसलेलं असतं. कोटिंगची कड नेमकी तिथेच टेकणार असते, आणि कड उचकटली की पुढचं सगळं उचकटतं.

गाडीला आजवर चमक आणणारे सिलिकॉनचे स्प्रे मारले गेले असतील तर दुप्पट काळजी घ्या. सिलिकॉन राहिलं की कोटिंग त्या जागेवरून मागे सरतं आणि माशाच्या डोळ्यासारखे गोल खड्डे पडतात. वर कितीही हात दिले तरी ते भरून येत नाहीत. जुन्या सेकंडहँड गाडीला आधी काय काय लागलं असेल हे कोणाला ठाऊक, म्हणून तसं लागलेलंच आहे असं धरून चाला.

करड्या प्लास्टिकवर बोट फिरवून पाहा. बोटाला पांढुरकी भुकटी लागत असेल तर ती सुटेपर्यंत घासा. नाहीतर कोटिंग प्लास्टिकला न चिकटता त्या भुकटीला चिकटेल.

धुतल्यावर पूर्ण सुकू द्या. पट्ट्यांच्या मागे, आरशाच्या फटीत, लोगोच्या अक्षरांखाली पाणी दडून बसतं आणि फवारा सुरू झाला की बरोबर बाहेर ओघळतं. कॉम्प्रेसरची हवा मिळाली तर उत्तम, नाहीतर तासभर गाडी उभी ठेवा. शेवटी स्वच्छ कापडावर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन पुसा आणि कापड काळं यायचं थांबेपर्यंत बदलत राहा. त्यानंतर त्या भागाला उघडं बोट लावायचं नाही.

टेप लावणं

भाग सुटा निघत असेल तर काढूनच घ्या. टेपची कटकट वाचते, शिवाय फवारा कडेवरून वळवून मागच्या बाजूला थोडा नेता येतो. कडेला वळसा घालून मागे गेलेलं कोटिंग सहसा उचकटत नाही, समोरच्या बाजूलाच संपलेलं उचकटतं. जुन्या प्लास्टिकच्या क्लिपा मात्र ठिसूळ झालेल्या असतात. ओढाताण करून तोडण्यापेक्षा गाडीवरच टेप लावलेली बरी.

खिडकीखालच्या क्रोम पट्टीला वर काचेचं रबर आणि खाली पत्रा असतो. रबराच्या ओठाखाली टेपची कड सरकवायला जुनं प्लास्टिकचं कार्ड वापरा. एका हाताने रबर किंचित उचला, कार्डाने टेप आत ढकला, कार्ड तसंच पुढे सरकवत न्या. पत्र्याच्या बाजूला टेप पट्टीच्या कडेला अगदी लागून लावा आणि नखाने दाबत जा. वळणावर एक लांब टेप ताणून बसवू नका, छोटे तुकडे एकमेकांवर चढवत न्या. ताणलेली टेप अर्ध्या तासात मागे सरकते.

टेपच्या पलीकडे निदान हात-दीड हात भाग कागदाने झाका. या कोटिंगचा उडालेला फवारा लांबवर गेला की वाटेतच सुकून भुकटी होतो आणि कापडाने झटकला की निघतो. जवळच्या पत्र्यावर पडलेला ओला फवारा मात्र डाग धरतो. अलॉय व्हीलच्या बाबतीत टायरला टेप लावत बसू नका. जुने पत्ते किंवा जाड कागदाचे तुकडे रिम आणि टायर यांच्या फटीत गोलाकार खोचत गेलं की काम होतं. ब्रेकची डिस्क आणि कॅलिपर मात्र आठवणीने झाका.

दिवस आणि वेळ

हवा कोरडी, वारा पडलेला, तापमान साधारण १८ ते ३० अंश सेल्सिअस. थंडीत कोटिंग सुकायला वेळ घेतं आणि ओघळतं. दमट हवेत पृष्ठभागावर पांढुरकी झाक येऊ शकते. उन्हात तापलेल्या भागावर मारलं तर थर वरून आधी सुकतो आणि आतून सॉल्व्हंटचे बुडबुडे येतात. भागाला हाताची उलटी बाजू क्षणभर लावून पाहा (हे अल्कोहोलने पुसायच्या आधी). चटका बसत असेल तर सावलीत थांबा.

डबा गार असेल तर दहा मिनिटं कोमट पाण्यात उभा ठेवा, फवारा बारीक येतो. कोमट म्हणजे कोमटच, कारण ५० अंशांच्या वर डबा फुटण्याचा धोका असतो. उन्हात उभ्या गाडीत डबे ठेवू नयेत तेही याचसाठी.

फवारणी

डबा जोरात हलवा. आतली गोळी खळखळायला लागली की तिथून पुढे पूर्ण एक मिनिट. मधेमधेही हलवत राहा. पहिला झोत कागदावर सोडा, कारण तोंडाशी साचलेला जाडसर थेंब आधी बाहेर पडतो.

अंतर १५ ते २० सेंटिमीटर. फवारा पट्टीच्या बाहेर सुरू करायचा, हात एका लयीत पट्टीवरून न्यायचा आणि पलीकडे गेल्यावरच बटण सोडायचं. पट्टीवर असताना बटण दाबलं किंवा सोडलं की तिथे जाड ठिपका पडतो. परतीचा फेरा आधीच्या फेऱ्यावर निम्मा चढला पाहिजे. मनगट वाकवून पंख्यासारखं फिरवू नका, खांद्यापासून अख्खा हात सरकवा.

पहिला हात अगदी झिरझिरीत द्यायचा. खालचं क्रोम किंवा जुना रंग निम्म्याहून अधिक दिसत राहिला पाहिजे. नवशिक्याला इथे धीर धरवत नाही, त्याला वाटतं काहीतरी चुकतंय, आणि तो लगेच जागा भरून काढतो. भरायचं नाही. हा पहिला हात पुढच्या हातांना पकड देण्यापुरताच असतो, दिसायला तो वाईटच दिसणार. तो जाड झाला तर चकचकीत क्रोमवरून सरळ खाली ओघळतो.

दहा ते पंधरा मिनिटं थांबा. ओली चकाकी पूर्ण गेली की दुसरा हात. इथून पुढचे हात थोडे भरीव द्यायचे. तिसऱ्या हाताला बहुधा खालचं सगळं झाकलं जातं आणि काम संपलं असं वाटतं. ते संपलेलं नसतं. झाकलं जाणं आणि सोलता येण्याइतकी जाडी होणं यांत निदान दोन हातांचा फरक आहे. एकूण पाच ते सहा हात धरून चाला. सतत दगड-खडी लागणाऱ्या भागांना, म्हणजे ग्रिल आणि चाकांना, आणखी एक.

ग्रिलच्या जाळीत एक गंमत होते. समोरून सगळं काळं दिसतं आणि दोन पावलं बाजूला सरकलात की आडव्या पट्ट्यांच्या पोटाला क्रोम लखलखत असतं. म्हणून प्रत्येक हाताला दिशा बदला: एकदा वरून, एकदा खालून, एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून.

चुका ओळखायच्या खुणा सोप्या आहेत. पोत सँडपेपरसारखा खरखरीत झाला तर तुम्ही लांबून मारताय, थेंब वाटेतच सुकताहेत. ओघळ आले तर जवळून मारताय किंवा हात रेंगाळतोय. ओघळ ओला असताना बोटाने पुसायला जाऊ नका, भोक पडेल. तो पूर्ण सुकू द्या. लहान असेल तर पुढच्या हातांत बराचसा लपतो. मोठा असेल तर सगळं सोलून पुन्हा सुरुवात करणंच कमी त्रासाचं, आणि या कोटिंगची खरी चैन ती हीच. डास किंवा केस अडकला तर थर सुकल्यावर चिमट्याने उचला आणि वरून हलका हात द्या.

शेवटचा हात जरासा ओला असावा. ओघळण्याच्या अलीकडे, पण एकसारखी ओली चकाकी दिसेल इतका. ओल्या हातामुळे आधीच्या थरांचा खरखरीतपणा विरघळून सपाट होतो आणि सुकल्यावर साटिनसारखा मऊ पोत येतो. चकचकीतपणा हवा असेल तर ग्लॉसचा वेगळा स्प्रे याच्यावर मारता येतो, पण जुन्या गाडीला मॅटच शोभतं असं आपलं माझं मत. ग्लॉसवर प्रत्येक ओघळ आणि प्रत्येक कण उठून दिसतो.

टेप ओली असतानाच काढा

इथे घाई करायची. शेवटचा हात दिल्यावर कोटिंग ओलं आहे तोवर टेप काढायची. ते सुकलं की टेप आणि पट्टी या दोन्हींवर एकच अखंड रबरी थर तयार होतो आणि टेप ओढताच पट्टीवरचं कोटिंगही तिच्याबरोबर उठतं. टेपचं टोक धरून ती स्वतःवरच दुमडत, पट्टीपासून लांब जाईल अशा तिरक्या दिशेने, सावकाश ओढा. मधे कुठे रबराचा पातळ पडदा ताणला गेलेला दिसला तर लगेच थांबा आणि तो टेपच्या बाजूने बारीक कात्रीने कापा. पत्र्यावर ब्लेड चालवू नका. कोटिंग सोलून निघतं, ब्लेडचा ओरखडा निघत नाही.

लोगो आणि अक्षरं

उठावदार अक्षरांना टेप लावत बसायची गरजच नाही, इथे कोटिंगचं सालपण कामाला येतं. लोगोभोवती चार बोटं मोकळा पत्रा ठेवून टेपचा चौकोन करा आणि अक्षरांसकट सगळा चौकोन फवारा. पाच-सहा हात द्या, चौकोनाची टेप ओली असतानाच काढा. मग काही तास पूर्ण सुकू द्या.

आता लाकडी टूथपिक घ्या आणि अक्षराची कड पत्र्याला जिथे टेकते त्या कोनात दाबून फिरवा. रबर त्या रेषेवर कातरलं जातं. बाहेरच्या कडेचा कोपरा नखाने उचला आणि पत्र्याला समांतर हळूहळू ओढा. भोवतीचा थर निघून जातो, अक्षरं काळी राहतात. अक्षरांच्या पोटातले बंद तुकडे चिमट्याने काढा. पाहायला मजा येते, पण हे जमायला थर जाड हवा. पातळ असेल तर चिंध्या होतात. पत्र्यावर आधी वॅक्स असेल तर इथे ते फायद्याचंच. अल्कोहोल फक्त अक्षरांवर फिरवायचं.

सुकल्यावर

हाताला तासाभरात कोरडं लागतं, पण आतून ते अजून कच्चंच असतं. गाडी किमान चार तास, शक्यतो रात्रभर हलवू नका आणि पाण्यापासून जपा. धुण्याची घाई आठवडाभर तरी नको.

नंतर साधा शॅम्पू आणि मऊ कापड पुरेसं. प्रेशर वॉशरचा झोत कडेवर रोखू नका, अंतर ठेवा. डांबर काढायची द्रावणं, पेट्रोल, थिनर आणि पेट्रोलियमयुक्त पॉलिश वर्ज्य. पक्ष्यांची घाण दिसली की लगेच धुवा, मॅट पृष्ठभागावर तिचा डाग राहतो.

कुठे टवका उडाला तर सैल टोक कात्रीने कापा, जागा पुसून घ्या आणि वरून दोन-तीन हलके हात द्या. नव्या थरातलं सॉल्व्हंट जुन्याला किंचित विरघळवतं आणि दोन्ही एकजीव होतात. जोड जवळून पाहिला तर दिसतो, चार पावलांवरून नाही.

काढताना कोपरा अंगठ्याने चोळून सुरुवात करा. गार हवेत रबर तुटतं, म्हणून हेअर ड्रायरने कोमट करून ओढा. पातळ राहिल्यामुळे तुकडे पडत असतील तर उलटा उपाय करा: वरून आणखी दोन-तीन जाड हात द्या, रात्रभर सुकू द्या आणि मग सगळं एकत्र सोला. फटीत राहिलेले बारीक अवशेष डब्ल्यूडी-४० मारून काही मिनिटं थांबल्यावर कापडाने चोळून निघतात, मग ती जागा साबणाने धुवायची. उन्हात वर्षानुवर्षं राहिलेलं कोटिंग लवचिकपणा गमावतं आणि सोलायला त्रास देतं. त्यामुळे बाहेर उभ्या राहणाऱ्या गाडीवर दोन-तीन वर्षांनी, ते अजून चांगलं दिसत असतानाच, एकदा सोलून नवं मारलेलं सोपं पडतं.

उरलेला डबा ठेवण्याआधी उलटा धरून नुसता वायू येईपर्यंत फवारा सोडा आणि तोंड पुसून ठेवा. तोंडात रबर सुकलं की अर्धा भरलेला डबाही फेकावा लागतो.